चावी सगळ्यात शेवटी: मोटरबोट सुरू करायच्या आधी काय काय बघायचं

ज्याला गाडीची सवय आहे त्याचा हात बोटीत बसल्या बसल्या चावीकडेच जातो. गाडीत ते खपून जातं, कारण गाडीचं इंजिन खालून उघडं असतं, पेट्रोल गळलं तरी रस्त्यावर पडतं आणि वाफ वाऱ्यावर निघून जाते, आणि मधेच बंद पडली तर कडेला लावून उतरता येतं. बोटीत यातलं काहीच नाही. बोट म्हणजे खालून बंद भांडं, त्यात जे गळेल ते तिथंच साठणार, आणि इंजिन बंद पडलं तरी बोट एका जागी थांबत नाही, वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जात राहते. म्हणून माझा नियम साधा आहे, चावी खिशात ठेवायची, आधी नाकाने मग डोळ्यांनी मग हाताने सगळं तपासायचं आणि मगच ती बाहेर काढायची. नवीन माणसाला यात वीसेक मिनिटं जातात, हात बसला की दहा मिनिटांत होतं. इंजिनाचं जे मॅन्युअल असेल ते एकदा तरी नीट वाचा, मी इथे सांगतोय त्यापेक्षा त्यात काही वेगळं दिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

सुरुवात पेट्रोल भरण्यापासून, कारण गडबड बऱ्याचदा तिथेच होते. इंजिन बंद, मेन स्विच बंद, बिडी-सिगरेट-स्टोव्ह काही नाही, माणसं खाली उतरवायची आणि केबिन असेल तर दारं-खिडक्या लावून घ्यायच्या म्हणजे वाफ आत शिरत नाही. सुटी टाकी असेल तर ती बोटीत ठेवून भरू नका, उचलून धक्क्यावर जमिनीवर ठेवा आणि मग भरा, आणि नळीचं तोंड टाकीच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, नाहीतर स्टॅटिक विजेची ठिणगी पडू शकते. अगदी काठोकाठ भरायची नाही, उन्हात पेट्रोल फुगतं, थोडी जागा सोडा. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमधलंच घ्यायचं, ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली, म्हणजे २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर, आणि हे मोजून, अंदाजे ओतायचं नाही. किती पेट्रोल लागेल याचा हिशोब तीन भागांत करा, एक भाग जायला, एक यायला आणि एक हात न लावता राखीव. वारा समोरून लागला की येतानाचा खर्च जातानापेक्षा बराच जास्त होतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा काटा खाली आलेला असतो.

आता नाकाचं काम. इंजिनाचं झाकण किंवा बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीचं, फळकूट उघडा आणि खाली वाकून खरंच वास घ्या. उभ्या उभ्या घेतलेला वास काही कामाचा नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर येत नाही, बोटीच्या तळाशी पाण्यासारखी पसरून बसते. आणि पेट घ्यायला ती फार लागत नाही, हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. ही ठिणगी स्टार्टरची असू शकते, एखाद्या साध्या स्विचची, ढिल्या वायरची. (याच कारणाने पेट्रोल इनबोर्डवर, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनावर, गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवायचा नाही, दिसायला सारखा असला तरी बोटीसाठी बनवलेला असतो त्यातली ठिणगी आतच राहील अशी त्याची रचना असते, गाडीच्यात तसं नसतं. चार पैसे वाचवायला म्हणून लोक हे करतात आणि मला ते बघवत नाही.)

वास जोराचा आला तर कुठलंही बटण दाबू नका, ब्लोअरचं, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं, पण नाही. सगळ्यांना खाली उतरवा, झाकणं उघडी ठेवा, हवा खेळू द्या आणि गळती सापडेपर्यंत इंजिनाचा विषय सोडून द्या. वास नसेल तर बंद खोक्यातल्या पेट्रोल इंजिनासाठी ब्लोअर कमीत कमी ४ मिनिटं चालवायचा, घड्याळ लावून, आणि ब्लोअर झाल्यावर पुन्हा एकदा वाकून वास घ्यायचा. ब्लोअर वाफ काढतो, गळती थांबवत नाही, हे डोक्यात पक्कं असू दे. डिझेलची वाफ अशी पटकन पेट घेत नाही, पण वास घेण्यातून डिझेलवाल्यांनीही सुटका समजू नये, गळती ती गळतीच.

माझ्याबरोबर एकदा असं झालं की वास अगदी बारीक होता, येतोय की मनात आहे तेच कळेना. बरोबरचे म्हणाले पेट्रोल आत्ताच भरलंय, त्याचाच असणार, चल. मी इंधनाच्या नळीवर पांढरा टिश्यू गुंडाळून टाकीपासून इंजिनापर्यंत हळूहळू ओढत नेला, आणि नळी जिथे फुग्यात, म्हणजे हाताने दाबून इंजिनाकडे पेट्रोल ढकलायच्या रबरी फुग्यात, जाते तिथे क्लिपच्या खाली तो ओला झाला. नळी तिथे जरा वाकवली तर नखाएवढी चीर उघडली आणि फुगा दाबला की त्यातून थेंब यायचा, सोडला की चीर मिटून जायची, म्हणजे नुसतं बघून ती कधीच दिसली नसती. त्या दिवशी आम्ही गेलो नाही. तेव्हापासून टिश्यू माझ्या बोटीतल्या पेटीत कायम असतो आणि नळी मी दर वेळी वाकवून बघतो, विशेषतः दोन्ही टोकांना, जिथे ऊन आणि ताण दोन्ही बसतं.

डोळ्यांचं काम

पहिलं बूच. ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडत असाल तर मागचा ड्रेन प्लग बसवलाय का ते बोट उतरवायच्या आधी हात लावून बघा, बोट घरी आणल्यावर पाणी निथळायला तो काढलेला असतो आणि तसाच राहतो. मग बिल्जमध्ये पाणी किती आहे ते बघा. पावसाचं असेल तर उपसून टाका, पण पाऊस नसताना पाणी वाढलं असेल तर ते कुठून आलं हे कळल्याशिवाय निघू नका. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर तेल किंवा इंधन गळतंय, आणि तसं पाणी पंपाने बाहेर सोडायचं नाही, पुसून काढायचं. बिल्ज पंप हाताने चालू करून बघा, आणि फ्लोट स्विच, पाण्याबरोबर वर उचलला जाणारा, बोटाने उचलून बघा पंप आपोआप लागतो का.

इंजिन ऑइलची काडी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. पातळीइतकाच रंग पण बघायचा असतो, ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, इंजिन सुरू करूच नका. फिल्टरला काचेची वाटी असेल तर तळाशी पाणी साठलेलं स्पष्ट दिसतं, पेट्रोल-डिझेल वर तरंगतं आणि पाण्याची रेघ खाली वेगळी असते, ती काढून टाका. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन, असेल तर मागच्या फळीवरचे क्लॅम्प हाताने घट्ट करा, ते थरथरून सैल होतात, आणि इंजिनाला सेफ्टी दोरी किंवा साखळी बांधलेली असू द्या.

पाण्यातला पंखा, म्हणजे प्रोपेलर, बघताना चावी काढलेली हवी आणि गिअर न्यूट्रल. पात्याला पोचे आहेत का, नट आणि त्याची पिन जागेवर आहे का, आणि शाफ्टभोवती मासेमारीची तंगूस गुंडाळली गेलीये का. तंगूस दिसत नाही पण सील कापते आणि मग गिअरच्या तेलात पाणी जातं. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा, आणि मागे एकजण उभा करून इंजिन खरंच तेवढं वळतंय का ते विचारा. अडकत असेल, जड लागत असेल तर जेटीवर आहात तोवर सोडवा.

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा, हलले म्हणजे सैल आहेत. मीटर असेल तर रात्रभर शांत राहिलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ दाखवत असेल तर ती जवळपास अर्धी संपलेली आहे, एकदा सुरू होईल पण मधे बंद केल्यावर परत होईलच असं नाही.

माणसं आणि सामान

लाइफ जॅकेट सीटखाली ठेवायची वस्तू नाही. इंजिन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या अंगात, बकल लावून, आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचंच. मूल उभं करून जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचलायचं, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मोठ्यांना हे सांगताना संकोच वाटतो खरा, पाहुणे असतात, कपड्यांची घडी मोडते म्हणतात, तरी सांगायचं.

अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा, आणि तो अशा जागी की इंजिनाला आग लागली तर इंजिनाजवळ न जाता हाताला लागेल. नांगराची दोरी मोजलेली हवी, पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावी लागते, आणि तिचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे ना ते बघा. वल्हं, उपसायला डबा, शिट्टी, टॉर्च, सुरी, पाणी, प्रथमोपचार. रेडिओ असेल तर चॅनल १६, मदत मागायचा चॅनल, लावून ठेवा, फोन पूर्ण चार्ज आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. हवामान निघायच्या आधी परत बघा, रात्री बघितलेलं सकाळी बदललेलं असतं. आणि किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा, कुठे, किती जण, परत किती वाजता, आणि उशीर झाला तर कोणाला कळवायचं.

आता चावी

बोट अजून बांधलेलीच हवी, दोर सोडून मग इंजिन सुरू करायला गेलात आणि ते लागलं नाही तर तुम्ही वाहत निघालात. आउटबोर्ड पूर्ण खाली करा, पाणी ओढायची जाळी पाण्यात बुडली पाहिजे. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, तो बंद राहिला तर इंजिन लागतं पण थोडं पुढे गेल्यावर घुसमटून बंद पडतं आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना बघा, इंजिनाकडचं टोक वर धरा आणि फुगा कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी हवा शिरतेय. कडक झाल्यावर उगाच दाबत राहू नका, इंजिन पेट्रोलने भरून जातं.

किल कॉर्ड, ती ओढली गेली की इंजिन बंद करणारी लाल गुंडाळीची दोरी, एक टोक स्विचला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला. लाइफ जॅकेटच्या मजबूत कडीला किंवा मांडीला गुडघ्याच्या वर, शर्टाच्या बटणाला किंवा पट्ट्यात नुसती खोचून नाही. ही दोरी अडचणीची वाटते, फिरताना ओढली जाते, म्हणून लोक ती स्विचलाच गुंडाळून ठेवतात. मी एका माणसाला वळणावर छोट्या बोटीतून पडताना बघितलंय. हँडलवरचा हात सुटला की पंख्याच्या जोराने इंजिन स्वतःहून एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरायला लागते, म्हणजे ती पडलेल्या माणसापासून लांब जात नाही, फिरून फिरून त्याच्याकडेच येते. तो माणूस वाचला कारण दुसऱ्या बोटीतल्यांनी त्याला वेळेत ओढून घेतलं. इंजिन ३००० आरपीएमवर आणि गिअर २:१ धरला तरी पंखा सेकंदाला २५ वेळा फिरतो, तीन पाती म्हणजे एका जागेवरून सेकंदात ७५ पाती जातात. म्हणून कॉर्ड नुसती लावायची नाही, इंजिन लागल्यावर जेटीलाच एकदा ती ओढून बघायची, इंजिन तत्काळ बंद झालं पाहिजे. नाही झालं तर स्विच खराब आहे आणि आज जाणं नाही.

गिअर न्यूट्रल. इंजिन थंड असेल तर चोक ओढा, गरम असेल तर नको. मागे वळून पंख्याजवळ पाण्यात कोणी नाही ना बघा आणि मोठ्याने सांगा की इंजिन सुरू करतोय. मग चावी फिरवा, पण सलग १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, लागलं नाही तर अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापून जळतो. दोरीवालं इंजिन असेल तर आधी दोरी हळू ओढा, अडकल्यासारखी लागेल, तिथून एकदम जोरात ओढा, आणि ओढल्यावर हातातून सोडून देऊ नका, हाताबरोबर परत आत जाऊ द्या. मागे कोपर लागेल इतक्या जवळ कोणी बसलेलं नको.

लागलं की चोक हळूहळू आत ढकला आणि लगेच, अगदी लगेच, मागे बघा की बारीक धार पडतेय का. ही धार म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण. काही सेकंदांत धार आली नाही तर बंद करा. आत रबराचा इंपेलर, पाणी ढकलणारं चाक, असतो, तो पाण्यावरच गुळगुळीत फिरतो, कोरडा फिरला तर बघता बघता जळतो. कधी नुसतं धारेचं भोक चिखलाने किंवा किड्याच्या घरट्याने बुजलेलं असतं, इंजिन बंद करून जाड तंगुशीचा तुकडा आत घालून मोकळं करा आणि परत बघा. तरीही धार नाही तर इंपेलर बदलायला आलाय. मी पाण्यात असतानाही दर थोड्या वेळाने मान वळवून धार बघतो, तापमानाच्या काट्याच्या आधी ती सांगते.

इंजिन लागतच नसेल तर घाबरून परत परत चावी मारू नका. कॉर्डची क्लिप नीट बसलीये का, गिअर खरंच न्यूट्रलमध्ये आहे का, हवेचा स्क्रू, फुगा, या चार गोष्टींत निम्म्या वेळा उत्तर सापडतं. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन भरलंय, चोक बंद करा, काही मिनिटं थांबा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तसं थ्रॉटल उघडून मारा, लागताक्षणी थ्रॉटल खाली आणायचा. झाकण काढून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाला, दोरी गुंडाळून सुरू करायची पाळी आली तर एक लक्षात ठेवा, गिअरमध्ये असताना इंजिन लागू न देणारी जी सोय असते ती अशा वेळी बऱ्याच इंजिनांत काम करत नाही, न्यूट्रल स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि सैल कपडे, केस लांब ठेवा.

इनबोर्ड असेल तर पाणी आत घेणारा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातली तोटी, उघडा आहे ना, गाळणीत कचरा नाही ना, हे चावीच्या आधी. काही जण बोट बंद केल्यावर चावी सीकॉकच्या हँडललाच अडकवून ठेवतात, म्हणजे तिथे हात गेल्याशिवाय इंजिन सुरूच करता येत नाही, मला ही सवय फार आवडते. डिझेलला ग्लो प्लग असेल तर सांगितले तेवढे सेकंद तो तापू द्या. आणि डिझेल पुन्हा पुन्हा मारूनही लागत नसेल तर सीकॉक बंद करून मारा. कारण प्रत्येक वेळी स्टार्टर फिरला की पंप पाणी ढकलतो, पण इंजिन चालू नसल्यामुळे ते पाणी बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, ते सायलेन्सरमध्ये चढत जातं आणि शेवटी सिलिंडरमध्ये उलटं शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन लागल्या लागल्या मात्र सीकॉक उघडायला विसरू नका. मग एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी येतंय का, ऑइल प्रेशर चढलं का, व्होल्ट १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आले का. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

गरम व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, पण ताडपत्री लावून, मागून वारा असताना इंजिन नुसतं चालू ठेवून बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि माणूस बोट लागली असेल म्हणून आडवा होतो. मागच्या पायरीवर पाय सोडून तर कोणीच बसायचं नाही, एक्झॉस्ट आणि पंखा दोन्ही तिथेच.

बांधलेल्या अवस्थेतच हलकेच पुढचा गिअर, मग न्यूट्रल, मग मागचा गिअर घालून बघा, दोन्हीकडे बोट ओढ घेतेय का. मग सगळे बसलेले, हातपाय आत, आणि वारा-प्रवाह कुठून आहे बघून कुठला दोर आधी सोडायचा ते सोबतच्याला आधीच सांगा. जो दोर सुटेल तो पूर्ण आत ओढून घेतल्याचं तोंडाने सांगायला लावा, त्याआधी गिअर नाही, पाण्यात लोंबणारा एक हातभर दोर पंख्यात जायला पुरतो.

बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं हळू चालवा आणि मग न्यूट्रल करून इंजिनाचं झाकण उघडा. थांबलेल्या बोटीत न दिसणारी गळती चालत्या इंजिनावर दिसते. परत वाकून वास घ्या, क्लिपांवरून हाताचं बोट फिरवा, बिल्जमधलं पाणी मघाशी होतं तेवढंच आहे का बघा, धार बघा. बिल्जमधलं पाणी वाढलं असेल तर किनारा अजून मागेच आहे, वळा. तेवढंच असेल तर झाकण लावा आणि वेग घ्या.